पडद्यावरचे दात

३ मार्च, सोमवार

पाणबुडीचा सिनेमा काल एकदाचा बघून झाला. अकरा माणसं चाळीस दिवस समुद्राच्या तळाशी अडकलेली. हवा संपत आलेली, पाणी घोटाघोटानं प्यायचं, दाढ्या छातीवर आलेल्या — आणि कप्तान तोंड उघडतो तर आत ट्यूबलाइट! चाळीस दिवस ब्रश न केलेला माणूस आहे तो. मी म्हटलं, अरे निदान कडा तरी पिवळ्या करा. नवरा म्हणाला, "तू सिनेमा बघतेस की तोंडं तपासतेस?" दोन्ही. बावीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काढल्यावर माणसाचे डोळे आधी दिसतच नाहीत.

सिनेमा मात्र चांगला आहे, खोटं कशाला बोलू. तो आचारी जेवणाची घंटा वेळेवर वाजवत राहतो. शिजवायला काही उरलेलं नाही, तरी घंटा होते आणि सगळे मुकाट टेबलाशी येऊन बसतात. तिथे मी ढसाढसा रडले. दहापैकी आठ दिले असते. ट्यूबलाइटमुळे सात.

५ मार्च, बुधवार

कोर्टाच्या मालिकेतल्या न्यायाधीशबाईंच्या वरच्या दोन दातांमध्ये बारीक खाच आहे. वर्षानुवर्षं दोरा दातानं तोडणाऱ्या बाईला अशी खाच पडते. ही नटी आधी शिवणकाम करत असणार, पैज लावते. सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिचा निकाल चुकला ते बघ आधी. घर धाकटीला मिळायला हवं होतं." निकाल चुकला हे खरंच. पण बाई बोलते झकास. आवाज न चढवता वकिलाची दातखीळ बसवते.

९ मार्च, रविवार

बारकीनं आज मला गेम खेळायला बसवलं. सतरा वर्षांची झाली, उंचीनं माझ्या डोक्यावर गेली, तरी घरात ती बारकीच. पहिला गेम राक्षसाचा. त्याच्या तोंडात चाळीस सुळे, सगळे एका मापाचे, दाढ एकही नाही. मग हा चावतो कशानं? वरचे सुळे खालच्यांत बसतही नाहीत, तोंड मिटलं तर स्वतःचीच जीभ फाडून घेईल. हे मी समजावून सांगत होते तर बारकी म्हणाली, "आई, तो तुला खातोय. पळ." मेले.

दुसरा गेम फार आवडला. होडीतून बेटाबेटांवर टपाल वाटायचं. एवढंच. घाई नाही, मारामारी नाही. एका बेटावर एक म्हातारी रोज विचारते, माझं आहे का काही? नसतं. तरी आपल्याला बसवून घेते, समुद्र कसा होता ते विचारते. एकदा मी दुसऱ्याचं पत्र चुकून तिला दिलं तर म्हणाली, असू दे, वाचून परत करते. ज्यानं कुणी ही म्हातारी लिहिली त्याला माणसं कळतात. मी नऊ पत्रं पोचवली. पहिल्या दिवशी बारकीला सात जमली होती. हे तिला दोनदा सांगितलं.

१४ मार्च, शुक्रवार

आज सावकाश लिहिते, सगळं लिहायचंय.

लॅबमध्ये एक उंच माणूस आला. बोटांना रंग लागलेला. मेकअपवाला. पाच भागांची नवी मालिका निघतेय, धरणावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराची. काम कोण करणार? तो! सासूबाईंचा लाडका नट. एकोणीस वर्षं झाली, नुसता हसला तरी लोक पैसे टाकतात. आता त्याला म्हातारा व्हायचंय. त्याच्या दातांवर बसतील असे घाणेरडे दात हवेत, शूटिंगला चढवायचे आणि झालं की काढायचे. मालक म्हणाले, "हे काम हिलाच." दुसऱ्या कुणाकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

मी विचारलं, "हा रखवालदार दिवसभर करतो काय?"

मेकअपवाला म्हणाला, "करतो काय म्हणजे? म्हातारा आहे. पिवळे करा, एखादा काळा करा."

म्हटलं, दात नुसत्या वयानं झिजत नाहीत, सवयीनं झिजतात. कामाचं सांगा. तेव्हा कुठे पठ्ठ्यानं पिशवीतून कागद काढले आणि उभ्या उभ्या वाचले. रखवालदार धरणाच्या पोटातल्या बोगद्यांत फिरतो. तिथे काळोख. लोखंडी चाकं दोन्ही हातांनी फिरवतो. मग टॉर्च कुठे धरतो? त्याला माहीत नव्हतं. लिहिणाऱ्यालाही माहीत नसावं. मी म्हटलं, दातांत धरत असणार, तीस वर्षं, डाव्या बाजूला. तिथे खाच पडणार.

जाताना म्हणाला, "बाई, तुमचं नाव पडद्यावर देतो. 'दात' आणि पुढे तुमचं नाव." कागदावर लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं.

आमच्या धंद्यात नाव नसतं. डॉक्टर माप पाठवतात, बरोबर चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा. पेशंट कोण ते विचारायचं नाही. चुकून कळलं तर घरीही बोलायचं नाही. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. आणि पेशंट आरशात बघतो आणि आभार मानतो डॉक्टरांचे. मला त्याचं काही वाटत नाही असं मी बावीस वर्षं सांगत आलेय. वाटतं. फार वाटतं.

हा पेशंट नव्हे, गिऱ्हाईक आहे. म्हणून घरी सांगितलं. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि मला जवळ बोलावून माझे हात बघितले. दोन्ही बाजूंनी.

१७ मार्च, सोमवार

त्याच्या दातांचा प्लास्टरचा साचा आला. माप मेकअपवाल्यानं स्वतःच घेतलंय, नुसतं पुढच्या भागाचं. हिरड्या धड उठलेल्या नाहीत, टाळूचा पत्ता नाही. मी असं माप घेतलं असतं तर मालकांनी कान धरला असता.

पण दात! वरचे पुढचे सहा मी भिंगाखाली धरले आणि बसून राहिले. डावीकडचा दुसरा दात केसाएवढा वळलेला आहे. त्या वळण्यानंच हसणं गोड होतं. कारागीर सहाच्या सहा दात ओळीत उभे करून मोकळा होतो. नेमकं चुकायचं कुठे ते देवालाच कळतं. देवाच्या कामावर मला आता घाण चढवायचीय.

२८ मार्च, शुक्रवार

अकरा दिवस लागले. आज पॉलिश केले आणि मग ती चकाकी मुद्दाम घालवली. चहाचे डाग तीन थरांत. उजवीकडे एक टवका, लहानपणी पडलेला, म्हणजे त्याच्या कडा गुळगुळीत. डावीकडे टॉर्चची खाच. नवऱ्याची टॉर्च नेली होती, ती खाचेत बसवून बघितली. गच्च बसली.

मालकांनी भिंगातून बघितलं आणि "हं" म्हणाले. त्यांचं हं म्हणजे दुसऱ्याचं भाषण. माझ्यासारखं काम या शहरात कुणाला जमायचं नाही. इथे कुणी वाचणार नाही, म्हणून लिहून टाकते.

१२ एप्रिल, शनिवार

मेकअपवाल्याचा फोन. दात बसले. नटानं चढवले, आरशात बघितलं आणि काढायलाच तयार होईना म्हणे.

२० जुलै, रविवार

दुपारी कार्टून सिनेमा, बारकी आणि मी. एक गाढव मालकाच्या घरून पळून जातं आणि गावोगाव नवा मालक शोधत फिरतं. प्रत्येकाकडे दोन दिवस राहून पारखतं, आवडला नाही की पुढे. शेवटी कुणाकडेच राहत नाही. लहान मुलांसाठी आहे म्हणे. माझ्या वयाच्या बायकांना दाखवा.

आणि त्या गाढवाचे दात बरोबर होते! पुढचे लांब, मग मोकळी जागा, मग दाढा. कुणीतरी खऱ्या गाढवाचं तोंड उघडून बघितलंय. मी शेवटची नावं सगळी वाचली. गाढवावर चौदा माणसांनी काम केलेलं. दात कुणी केले ते लिहिलं नव्हतं. बारकी म्हणाली, "आई, उठ ना, संपलं." नाव वाचल्याशिवाय मी यापुढे उठायची नाही. दहापैकी नऊ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला भाग आला. सगळे सातच्या ठोक्याला टीव्हीपुढे. नवरा कामावरून लवकर आला, मालकांनी त्यांच्या घरी लावलं, खालच्या मजल्यावरच्या ताईही वर आल्या. मी नवी साडी नेसले. हसू देत.

तो बोगद्यातून चालत येतो, थांबतो, कुणीतरी हाक मारल्यावर वळून ओठ मागे घेतो. माझे दात. भिंतभर. खालच्या ताई म्हणाल्या, "अगबाई, काय दशा झाली हो बिचाऱ्याची." मला हसू आवरेना. त्यांना ते खरे वाटले!

मालिकाही दमदार आहे. धरणाला तडा गेलाय आणि ते एकट्या रखवालदाराला ठाऊक. त्याचं कुणी ऐकत नाही, कारण त्यानं आधी दोनदा खोटी आवई उठवलीय. म्हाताऱ्याचा राग येतो आणि दयाही येते.

भाग संपल्यावर नावं सुरू झाली, तर तो मेला टीव्ही आपोआप दुसरंच काही लावायला लागला. पाच, चार, तीन... बारकीनं रिमोटवर झडप घालून थांबवलं. नावं अगदी बारीक. आम्ही पाच जण टीव्हीला नाक लावून. माझं नव्हतं. बारकी म्हणाली, "पहिल्या भागात सगळ्यांची नसतात."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा भाग. हे लिहायला जेवण टाकून आलेय.

तो चाकापाशी येतो. फिरवायला दोन्ही हात लागणार. आणि बघतसुद्धा नाही — टॉर्च उचलतो आणि डावीकडे खाचेत ठेवतो. तीस वर्षं ठेवत आल्यासारखी. हे कागदांत नव्हतं. मेकअपवाल्यानं माझ्यापुढे कागद वाचले होते, मला ठाऊक आहे. आणि खाच कशाची ते त्यानं नटाला सांगितलंच नव्हतं, फोनवर म्हणाला होता. त्याच्या जिभेला खाच लागली असणार आणि त्याला कळलं असणार ही कशाची. एका अक्षरानं बोललो नाही आम्ही एकमेकांशी, आणि माझं म्हणणं त्याला कळलं. मोठा नट आहे तो. आज मान्य केलं.

नाव नव्हतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथा भाग. पाणी बोगद्यात शिरलं. सासूबाईंनी अर्धा भाग डोळे मिटून ऐकला आणि मग मला विचारलं काय झालं. नाव नाही. लॅबमध्ये सगळे विचारतात, आलं का? मी सांगते, शेवटच्या भागात येणार. महत्त्वाची नावं शेवटी येतात.

५ डिसेंबर, शुक्रवार

शेवटचा भाग. रखवालदार खरं बोलत होता हे सगळ्यांना पटतं तेव्हा तो गाव सोडून निघालेला असतो, आणि थांबवायला आलेल्यांकडे बघून पहिल्यांदा हसतो. त्या घाणेरड्या दातांनी. काय हसला! अशा हसण्यासाठी पाच शुक्रवार द्यावेत माणसानं. दहापैकी दहा, आणि मी दहा कुणाला देत नाही.

मग नावं. बारकीनं थांबवत थांबवत सगळी वाचून काढली. केसांचा टोप कुणी केला, बूट कुणी शिवले. कुत्रा सांभाळणाऱ्याचं नाव आहे. चहा देणाऱ्याचंही आहे.

माझं नाही.

नवरा म्हणाला, "चल, जेवून घे." खालच्या ताई चपला शोधत राहिल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, एका ओळीसाठी.

८ डिसेंबर, सोमवार

मेकअपवाल्याला फोन केला. आधी टाळाटाळ, मग म्हणाला, "बाई, मी नाव दिलं होतं. पडद्यावर चढलंही होतं. त्यानंच काढायला लावलं. 'दात' हा शब्दच तिथे नको म्हणाला. हट्टाला पेटला, आम्हाला कुणालाच कळेना का. मला माफ करा."

तो! टॉर्च बरोबर ठेवणारा तो!

११ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी टीव्हीवर त्याची मुलाखत. सासूबाईंनी हाक मारली म्हणून गेले. मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं, ते दात कुणी केले हो? तो हसला. म्हणाला, "दात माझेच आहेत. भूमिकेसाठी सहा महिने घासले नाहीत." टाळ्या.

सासूबाई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मग म्हणाल्या, "तोंडावर खोटं बोलला गं हा." एकोणीस वर्षांचा लाडका, एका वाक्यात उतरला.

मी दातओठ खात बसले नाही. उठले, कागद घेतला. वर्तमानपत्राच्या सिनेमाच्या पानाला पत्र लिहिलं. त्याचा साचा लॅबच्या कपाटात आहे. माझ्या दातांचा पहिला नमुनाही आहे, थोडा कच्चा, पण खाच तीच. दोन्हींचा शेजारी शेजारी फोटो काढायचा आणि पत्राबरोबर द्यायचा. मग बघू कोण सहा महिने घासत नव्हतं ते.

१३ डिसेंबर, शनिवार

फोटो काढले. पत्र मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आपला नियम?" म्हटलं, नियम पेशंटसाठी. हा पेशंट नाही. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "तेही खरंच. पाठव." बारकी म्हणाली, "आई, दणका दे." पत्र चांगलं झालंय. एकही शिवी नाही, सगळं मापात. लोक वाचतील, त्यात माझं नाव असेल, खाली ठळक. सोमवारी टाकते.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळच्या कामात एक तुटलेली कवळी आली. वरचे पुढचे सहा दात. चिठ्ठीवर आकडा. हातात घेतली आणि भिंगाखाली धरली. डावीकडचा दुसरा, केसाएवढा वळलेला. कपाटातला साचा काढून लावून बघितली. तंतोतंत.

म्हणजे साच्यातले ते दातही त्याचे नाहीत. उलटी केली. आत, टाळूच्या बाजूला, बारीक फुली कोरलेली. कामाला लागल्यावर पहिली काही वर्षं माझ्या प्रत्येक कामात मी अशी फुली कोरायचे, मग मालकांनी बंद करायला लावलं.

एकोणीस वर्षं तो हसतोय. मी हसवतेय. त्याला ठाऊक नाही.

दुपारपर्यंत जोडून दिली. तडा कुठे होता ते डॉक्टरांनाही सापडायचं नाही. मालकांनी विचारलं, पत्र टाकलंस का? म्हटलं, नाही, आता टाकणार नाही. का, ते सांगितलं नाही.